दवाखान्यातून घरी आणल्यावर पुढे काय? अंथरुणाला खिळलेल्यांच्या सेवेसाठी सरकारी मदत कुणाला मिळाली आहे का?

कृष्णाकाठ | ३ जून, रात्री ११:५०

लिहू की नको करत आठ दिवस गेले. आज आई लवकर झोपली म्हणून बसले.

आई ७१ वर्षांची. फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही गेल्यातच जमा. १९ दिवस दवाखान्यात होती. तिथला खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून निघाला, त्याबद्दल तक्रार नाही. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरनी कूस कशी बदलायची, नळीतून कसं भरवायचं हे दहा मिनिटांत दाखवलं आणि स्ट्रेचर दारापर्यंत आणून दिलं. तिथून पुढे मी आणि आई.

आईला माझ्याकडे, म्हणजे माझ्या सासरी आणलंय (सातारा जिल्हा, तालुका मुद्दाम लिहीत नाही). भाऊ पुण्यात असतो, पैसे पाठवतो, महिन्यातून एकदा येतो. माझ्या शिकवण्या बंद झाल्या. घरी रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून दिवसाची बाई घेत होतो, १२ तासांचे ८५० रुपये. दोन महिन्यांत तिघी बदलल्या. सध्या कुणीच नाही.

विचारायचं होतं ते हे. आजारी माणूस दवाखान्यात असेपर्यंत सरकार दिसतं. घरी आल्यावर वर्षानुवर्षं जी सेवा करावी लागते तिच्यासाठी काही आहे का? आठवड्यातून एकदा नर्स, घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, किंवा मला पुतणीच्या लग्नाला चार दिवस जायचं असेल तर आईला ठेवता येईल अशी जागा? चौकशीला जाईन तिथे पहिला प्रश्न ठरलेला: "पेशंटला आणलंय का?"

तिरपी_नजर | ४ जून, सकाळी ७:१०

सरकारी मदत आणि घरपोच? खुर्ची ओढून बसतोय. चहा कुणी टाकतंय का?

निवृत्त_अव्वल_कारकून | ४ जून, सकाळी ८:३५

ताई, ३१ वर्षे महसूल खात्यात काढली, त्यातली सहा संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेत. जे आहे ते सांगतो.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. वय ६५ पूर्ण हवे. दरमहा १,५०० रुपये, जुलै २०२३ पूर्वी १,००० होते. अर्ज सेतूतून किंवा तहसीलला, मंजुरी तालुका समितीच्या बैठकीत. बैठक कधी होईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसते. मुख्य अडचण उत्पन्नाची. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागते. आपल्या बंधूंचे उत्पन्न धरले तर दाखला मिळणे अवघड.

मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची. वय ६५, कौटुंबिक उत्पन्न २ लाखांच्या आत. एकदाच ३,००० रुपये खात्यावर येतात, चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, व्हीलचेअर अशा वस्तूंसाठी. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री वेगळी. त्यात रोख रक्कम नाही, शिबिर घेऊन वस्तू देतात.

७० वर्षांवरच्यांना उत्पन्नाची अट नसलेले आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले. आईंचे काढून ठेवा. मात्र तेही दवाखान्यात दाखल झाल्यावरच उपयोगी.

घरी सेवा करणाऱ्यासाठी म्हणाल, तर माझ्या टेबलावरून असा एकही अर्ज गेल्याचे आठवत नाही.

तिरपी_नजर | ४ जून, सकाळी ९:०२

वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. म्हणजे ज्याचं अख्खं कुटुंब १,७५० वर जगतं त्याला आणखी १,५०० द्यायचे. असं कुटुंब मोठ्यांच्या डायपरचं एक पाकीट घेऊन दाखवेल तर मी त्याचा सत्कार करीन.

एसटीचा_डबा | ४ जून, सकाळी ९:४०

सगळंच वाईट बोलू नका राव. ७५ पूर्ण झाले की एसटी फुकट. २०२२ च्या ऑगस्टात सुरू झालं आणि आमचे तीर्थरूप तेव्हापासून घरी सापडलेले नाहीत. सोमवारी पंढरपूर, गुरुवारी अक्कलकोट. दीर्घकालीन सेवेचा प्रश्नच उद्भवत नाही.

वऱ्हाडी_ठेचा | ४ जून, सकाळी ९:४४

आमच्या आजीले बी पास हाय ना. पन तिले बसच्या पायरीवर कोन चढवन? कंडक्टर म्हनते, लवकर करा बाप्पा.

कलम_काका | ४ जून, दुपारी १:१५

२००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा कुणीच कसा काढला नाही? प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात साधा अर्ज करायचा. कोर्ट फी नाही. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित. मुलाकडून महिना १०,००० पर्यंत निर्वाह मिळू शकतो. वृद्धाला वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिने कैद किंवा ५,००० दंड, किंवा दोन्ही. भाऊ पुण्यात बसून नुसते पैसे टाकत असेल तर त्यालाही जबाबदारीची जाणीव करून देता येते.

कृष्णाकाठ | ४ जून, दुपारी २:३०

काका, भावाशी माझं भांडण नाही हो. तो १०,००० पेक्षा जास्तच पाठवतो. कायद्याने त्याला पैसे द्यायला लावता येतील, पण रात्री दोनला आईची कूस बदलायला कोणतं कलम लावू?

बिनकामाचा_वकील | ४ जून, दुपारी ३:०५

ताईंचा प्रश्न वेगळा आहे, तरी कायदा निघालाच आहे तर घरं नावावर करून बसलेल्यांसाठी एक सांगतो. कलम २३ प्रमाणे ‘सांभाळीन’ या अटीवर दिलेलं घर मुलाने सांभाळलं नाही तर परत मिळू शकतं. पण बक्षीसपत्रात ती अट लिहून घ्या. अट दाखवता आली पाहिजे, असं डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. जानेवारी २०२५ च्या उर्मिला दीक्षित निकालात हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचा असं सांगितलं, हे खरं. पण तुमचं प्रकरण उदार माणसापुढेच जाईल याची खात्री काय? लिहून घेतलेलं बरं.

कलम_काका | ४ जून, दुपारी ३:२०

सहमत. बक्षीसपत्र करण्याआधी दहादा विचार करा, हे अकरावं.

सह्याद्रीचा_वारा | ४ जून, रात्री ८:५०

कदाचित अनेकांना आवडणार नाही, पण लिहितो. आई-वडिलांची सेवा करण्यासाठी सरकारकडे पैसे मागायचे? आमच्या आजोबांनी त्यांच्या वडिलांचं सात वर्षं केलं, कुणापुढे हात पसरला नाही. उद्या मुलाला दूध पाजल्याबद्दलही अनुदान मागाल. पुंडलिकाने विठ्ठलाला विटेवर उभं केलं ते आई-बापाच्या सेवेसाठी, योजना मागायला नव्हे.

शेवंतीची_वेणी | ४ जून, रात्री ९:२५

वारासाहेब, एक विचारते. तुमच्या आजोबांनी सात वर्षं केलं म्हणता, ते त्यांनी स्वतः केलं की आजीने?

एसटीचा_डबा | ४ जून, रात्री ९:२६

🤐

सह्याद्रीचा_वारा | ४ जून, रात्री १०:१०

आजीने. मान्य. मुद्दा तो नव्हता.

शेवंतीची_वेणी | ४ जून, रात्री १०:४०

मुद्दा तोच आहे. मी सासूबाईंचं साडेपाच वर्षं केलं. स्मृतिभ्रंश. शेवटी शेवटी त्या मला ‘ती बाई’ म्हणायच्या आणि माझ्या हातून जेवायच्या नाहीत, म्हणून मी साडी बदलून नवीन बाई असल्यासारखी परत ताट घेऊन जायचे. नोकरी सोडली तेव्हा ४१ ची होते. आता ४९. आठ वर्षांचं भविष्य निर्वाह निधीचं खातं रिकामं आहे, पुन्हा कुणी कामावर घेत नाही. माझ्या म्हातारपणी कुणी विचारलं की काय केलंस, तर काय सांगू? पुण्य?

सासूबाईंवर माया होती, म्हणून मोजदाद केली नव्हती. पण मोजायची कुणी नसेल तर ती शून्य होती असं होत नाही.

आणि २००७ च्या कायद्यातल्या ‘अपत्यां’त सून येत नाही. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात सून-जावई घातले होते, ते लोकसभेची मुदत संपली तसं बारगळलं. म्हणजे जबाबदारी टाकताना आठवण आली होती. सोय देताना येईल तेव्हा खरी.

अंगणवाला | ५ जून, सकाळी ६:३०

शेवंतीताईंनी त्या विधेयकाचं नाव काढलं म्हणून लिहितो. मी नाशिक भागात छोटा वृद्धाश्रम चालवतो, २८ खाटांचा. त्याच विधेयकात आमच्यासारख्यांची नोंदणी, किमान सोयींचे नियम आणि घरी माणसं पुरवणाऱ्या संस्थांचीही नोंदणी होती. सुनेच्या बातमीखाली ते कुणी वाचलंच नाही. आज ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवला, अग्निशमनचा दाखला घेतला, की पाटी लावता येते. रात्री २८ जणांमागे किती माणसं जागी आहेत हे विचारायला कुणी येत नाही. नोंदणी आली तर मी आनंदाने करीन, फक्त तपासनीस येताना फळांची पिशवी रिकामी आणू नये.

ताई, तुमच्या ‘चार दिवस ठेवता येईल का’ या प्रश्नाचं उत्तर कटू आहे. आमच्यासह बहुतेकांची प्रवेशाची पहिली अट ‘स्वतःचं स्वतः करणारा’. नळी असलेला, पाठीला जखमा होण्याची भीती असलेला माणूस घ्यायचा तर रात्री दोन जास्तीची माणसं लागतात. त्यांचा पगार कोण देणार? २००७ चा कायदा म्हणतो, जिल्ह्यात किमान एक, १५० निराधारांचा आश्रम राज्याने काढावा. शब्द ‘काढू शकेल’ असे आहेत, आणि ‘शकेल’मध्ये फार मोकळी जागा असते. १९९५ च्या युती सरकारच्या काळात मातोश्री वृद्धाश्रम निघाले, काही अजून छान चालतात. पण तेही चालत्याफिरत्यांसाठीच. केंद्राकडून निराधार २५ जणांच्या आश्रमाला अनुदान मिळतं, त्यात तुमची आई बसत नाही, कारण तिला तुम्ही आहात.

तिरपी_नजर | ५ जून, सकाळी ७:४५

"तिला तुम्ही आहात." हे वाक्य फ्रेम करून मंत्रालयात लावा.

मावशीची_लेक | ५ जून, दुपारी १२:२०

बायका टिकत नाहीत असं ताई म्हणाल्या त्यावर बोलू का? राग नको.

माझी आई ५८ ची आहे आणि ब्युरोतून पेशंट करते. तुमच्या ८५० मधले तिच्या हातात ६०० येतात. २४ तासांच्या ड्युटीत झोपायला पेशंटच्या पलंगाखाली चटई. ७० किलोच्या आजोबांना एकटीने उचलून कमोडवर बसवायचं. गेल्या वर्षी तिचाच मणका सरकला, महिनाभर घरी, बिनपगारी. तिला कुणी शिकवलेलं नाही, पहिल्या पेशंटवर शिकली. सरकारी कौशल्य विकासात जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णसेवा मदतनीसाचा, कोर्स असतो हे मला कॉलेजात कळलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "आता काय शिकू, आता तर शिकवायची वेळ." घरेलू कामगारांचं कल्याण मंडळ २००८ च्या कायद्याने आहे, पण तिथे नोंदणी साठीपर्यंतच. म्हणजे आणखी दोन वर्षांनी ती स्वतः ज्येष्ठ नागरिक होणार आणि तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या माणसाला उचलत राहणार.

कुणाला बाई टिकवायची असेल तर माझं ऐका. दुपारी दोन तास झोपू द्या, आणि धुण्याभांड्याची कामं मागे लावू नका.

कृष्णाकाठ | ५ जून, दुपारी १२:५०

राग कशाचा? मी भांडी लावली होती. चूक झाली.

डुसेलडॉर्फकर | ५ जून, दुपारी ४:१०

वारासाहेबांचा ‘सरकारकडे हात पसरणे’ हा मुद्दा मनात घोळत होता.

जर्मनीत १९९५ पासून सेवा-विमा सक्तीचा आहे. माझ्या पगारातून दरमहा कापला जातो, मालकही भरतो. माणूस परावलंबी झाला की तपासनीस घरी येतो. स्वतः उठता येतं का, खाता येतं का, रात्री किती वेळा मदत लागते, हे बघून १ ते ५ श्रेणी ठरते. दुसऱ्या श्रेणीपासून, घरचंच माणूस सेवा करत असेल तर रोख मिळते. २०२५ चे आकडे: दुसऱ्या श्रेणीला महिना ३४७ युरो, पाचव्या श्रेणीला ९९०. आठवड्याला ठरावीक तासांहून जास्त सेवा करणाऱ्या लेकीच्या किंवा सुनेच्या पेन्शन खात्यात विमा संस्था हप्ते भरते. शेवंतीताई, तुमची रिकामी आठ वर्षं इथे रिकामी राहिली नसती. सेवा करणारा सुट्टीवर गेला तर बदली माणसाचा खर्चही मिळतो.

सगळं गोड नाही. वृद्धाश्रमाचं बिल विम्याच्या कितीतरी वर जातं, माणसं मिळत नाहीत, हप्ता वाढतच चाललाय. पण हात पसरणं नाही हे, आधी भरलेलं मागणं आहे.

आता माझी गंमत. मी इथल्या अनोळखी आज्यांसाठी दरमहा पैसे भरतो आणि माझी स्वतःची आई नागपुरात ब्युरोच्या भरवशावर आहे.

वऱ्हाडी_ठेचा | ५ जून, दुपारी ४:३०

भाऊ, नागपुरात कुठी? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमचा ज्येष्ठ नागरिक संघ हाय, कोनी ना कोनी चक्कर मारून येईन.

न्यू_जर्सीचा_बंड्या | ५ जून, संध्याकाळी ६:५५

अमेरिकेत राम आहे असं कुणाला वाटत असेल तर थांबा. ६५ नंतरचा मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा दीर्घकाळची देखभाल देतच नाही. नर्सिंग होम देतो ते दवाखान्यानंतर फार तर १०० दिवस, तेही उपचार चालू असेतो. पुढचं हवं असेल तर मेडिकेड, आणि ते गरिबांसाठी, म्हणून लोक आधी सगळी पुंजी संपवतात. इथल्या मराठी मंडळात या विषयावर बोलायला लागलं की लोक श्रीखंडाची वाटी घेऊन उठून जातात.

एक मात्र चोरण्यासारखं आहे. १९६५ च्या ज्येष्ठांच्या कायद्यामुळे प्रत्येक भागाला एक स्थानिक कार्यालय नेमलेलं असतं. एक फोन केला की जेवणाचा डबा, घरी मदतनीस, सेवा करणाऱ्याला विसावा, जे काही उपलब्ध असेल ते तेच सांगतात. शिवाय नर्सिंग होमविरुद्धच्या तक्रारी ऐकायला प्रत्येक राज्यात लोकपाल. आपल्याकडे योजना पंधरा आणि खिडक्या पंधरा. खिडकी एक केली तरी निम्मं काम होईल, नवा रुपया न घालता.

फोंडेकर | ५ जून, रात्री ९:३०

गोव्याचं सांगतो. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत ज्येष्ठांना महिन्याला २,००० मिळतात, वय ६०. आणि आमच्याकडे प्रोव्हेदोरिया आहे. पोर्तुगीज काळापासूनची सरकारी संस्था, अजून तिचे वृद्धाश्रम चालतात. नाव ऐकून लहानपणी आम्हांला धाक घालायचे, "म्हातारपणी प्रोव्हेदोरियात जाशील." आता शेजारचे दोघे आपल्या पायांनी गेले आणि मजेत आहेत. पण तेच, पाय चालत होते म्हणून. अंथरुणाला खिळलेल्याचं इथेही घरच्यांनीच बघायचं.

केरळचं ऐकलंत का? तिथे ‘आश्वासकिरणम्’ म्हणून योजना आहे, खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्याला महिना ६०० रुपये. रक्कम चण्याफुटाण्याची, पण भारतात सेवा करणाऱ्याचं नाव कागदावर आलं हे केवढं! शिवाय पंचायतीची पॅलिएटिव्ह नर्स, म्हणजे दुखणं सुसह्य करायला मदत करणारी, घरोघर जाते.

सह्याद्रीचा_वारा | ५ जून, रात्री १०:१५

केरळातले म्हातारे जास्त, मुलं आखातात, त्यांची गरज वेगळी.

फोंडेकर | ५ जून, रात्री १०:२२

२०११ च्या जनगणनेत साठीपुढचे केरळात १२.६ टक्के, आमच्या गोव्यात ११.२, महाराष्ट्रात ९.९. तुम्हीही येताय मागोमाग. आणि मुलं आखातात काय नि हिंजवडीत काय, रात्री दोनला दोन्ही सारखीच लांब.

सीएचओ_ताई | ६ जून, सकाळी १०:०५

मी आरोग्यवर्धिनी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे (जिल्हा दुसरा). कृष्णाकाठताई, तुमच्या गावच्या उपकेंद्रात अशीच एक जण असेल. आमच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा लिहिलेली आहे. आशाताईला सांगा, घरात खिळलेला रुग्ण आहे, यादीत नाव घ्या. मी स्वतः गावातले असे सात जण बघते. रक्तदाब, साखर, नळी बदलायची वेळ, पाठीच्या जखमा. फार काही करता येतं असं नाही, लसीकरण आणि बैठकांतून वेळ काढून जाते. पण घरच्या बाईला "बरोबर करताय" एवढं सांगणारं कुणी आलं की तिचा चेहरा बदलतो.

फिजिओथेरपीसाठी जिल्हा रुग्णालयात विचारा. वृद्धांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात वेगळा वॉर्ड आणि ओपीडी आहे, आणि खिळलेल्या रुग्णाच्या घरी भेटही अपेक्षित आहे. कागदावर अपेक्षित आहे असं म्हणते, कारण ते पद तुमच्याकडे भरलेलं आहे का यावर सगळं अवलंबून.

सर्वांत महत्त्वाचं: झटक्याला सहा महिने झाले की दिव्यांग प्रमाणपत्र काढा. ऑनलाइन नोंदणी करून जिल्हा रुग्णालयाची तारीख घ्या.

निवृत्त_अव्वल_कारकून | ६ जून, सकाळी १०:४०

ताईंनी उत्तम सांगितले, मीच विसरलो होतो. ते प्रमाणपत्र हाती आले की ग्रामपंचायतीकडे अर्ज करा. स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करणे त्यांना बंधनकारक आहे. ग्रामसेवक ‘निधी संपला’ म्हणतील, तेव्हा नम्रपणे मागच्या वर्षीची लाभार्थी यादी मागा. बऱ्याचदा निधी त्या क्षणी परत सापडतो.

बिनकामाचा_वकील | ६ जून, सकाळी ११:१५

आणि आयकर. भाऊ जुन्या करप्रणालीत असेल तर आईच्या ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगत्वावर कलम ८०डीडीखाली ७५,००० ची वजावट, ८० टक्क्यांच्या वर १,२५,०००. स्मृतिभ्रंश, कंपवात अशा आजारांवर ८०डीडीबी वेगळं, ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत, तज्ज्ञाचं पत्र लागतं. वाचलेला कर भावाने बाईच्या पगारात घालावा, हा कायदेशीर नव्हे, कौटुंबिक सल्ला.

जोशीकाका_८१ | ६ जून, दुपारी ४:५०

मुलाने टाइप करून दिले आहे. माझी पत्नी तीन वर्षे अंथरुणाला आहे. सेवा मीच करतो. पुरुषांनाही जमते, शेवंतीताई. पहिले सहा महिने वेणी घालता येत नव्हती, आता येते.

हयातीच्या दाखल्यासाठी तिला उचलून बँकेत न्यायची गरज नाही. मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण होते, किंवा पोस्टमन घरी येऊन करतो, ७० रुपये घेतो. ७० च्या वरच्यांना बँकांनी घरपोच सेवा द्यावी असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे, शाखेत लेखी मागा. आणि १४५६७ हा ज्येष्ठांचा फुकट नंबर. सकाळी ८ ते रात्री ८. मी एकदा केला होता. पलीकडच्या मुलीने योजना सांगितल्या, त्या मला माहीत होत्या. पण मग तिने विचारले, "काका, तुम्ही जेवलात का?" पुढे मला बोलता आले नाही.

शेवंतीची_वेणी | ६ जून, संध्याकाळी ५:१५

काका, शब्द मागे घेते. वेणी तिपेडी की पाचपेडी?

जोशीकाका_८१ | ६ जून, संध्याकाळी ५:४०

तिपेडीच. लालसा नाही.

एसटीचा_डबा | ६ जून, रात्री ८:३०

काकांनी घरपोच दाखल्याचं काढलं म्हणून आठवलं. २०२४ च्या निवडणुकीत आमच्या ८८ वर्षांच्या आजीचं मत घ्यायला घरी पथक आलं होतं. अधिकारी, पोलीस, व्हिडिओवाला, पुठ्ठ्याचा आडोसा, सगळं. आजीने पदर सावरला, गुप्त मतदान केलं आणि मोठ्याने सांगितलंही कुणाला केलं ते. आणि त्याच महिन्यात आधारचा ठसा जुळेना तर म्हणे आजीला केंद्रावर आणा. म्हणजे घरी यायला जमतं, कशासाठी यायचं ते ठरलेलं आहे.

संपादक | ६ जून, रात्री ९:१०

दोन प्रतिसादांतले ब्युरोचे मोबाइल नंबर काढले आहेत. कृपया व्यनिचा वापर करा.

कृष्णाकाठ | २७ ऑगस्ट, रात्री ११:२०

धागा वर काढतेय, माफ करा. पुष्कळ जणांनी व्यनितून विचारलं, म्हणून काय झालं ते लिहिते.

श्रावणबाळचा अर्ज केलाच नाही, उत्पन्नात बसत नाही. वयोश्रीचा केला, अजून उत्तर नाही. आशाताईला सांगितल्यावर चौथ्या दिवशी उपकेंद्रातल्या ताई आल्या. आता पंधरवड्याला येतात. पाठीवर लालसर डाग होता, तो त्यांनीच पहिल्यांदा पाहिला, मला दिसला नव्हता. फिजिओचं पद आमच्याकडे रिकामं. खासगी मुलगा आठवड्यातून दोनदा येतो, भाऊ देतो. दिव्यांग प्रमाणपत्राला पुढच्या बुधवारची तारीख मिळाली आहे, आईला न्यावं लागणारच. चौकशीच्या खिडकीत या वेळी ‘पेशंटला आणलंय का’ विचारलं नाही, ‘आणाल ना’ विचारलं. एवढी प्रगती.

भावाला धागा वाचायला दिला. तो काही बोलला नाही. पण या महिन्यात शनिवार-रविवार धरून पाच दिवस राहिला, आणि मी पुतणीच्या लग्नाला जाऊन आले. पहिल्या रात्री त्याचे अकरा फोन आले.

नवीन बाई मिळाली आहे. भांडी मी घासते. दुपारी ती झोपते, मग मीही झोपते.

सह्याद्रीचा_वारा | २८ ऑगस्ट, सकाळी ७:३०

ताई, जूनमध्ये मी जे लिहिलं त्यातलं अर्धं अजूनही म्हणतो. पण जुलैत वडील पडले, खुब्याचं हाड. आठ आठवडे झाले. बायको माहेरी गेली होती ते बारा दिवस मी एकट्याने केलं. केरळच्या त्या योजनेचं नाव पुन्हा कुणी सांगेल का?

फोंडेकर | २८ ऑगस्ट, सकाळी ७:५२

आश्वासकिरणम्. वडील कसे आहेत?

सह्याद्रीचा_वारा | २८ ऑगस्ट, सकाळी ८:०५

बरे आहेत. चिडचिड फार. आणखी एक, पाठीसाठी पाण्याची गादी घ्यावी की हवेची?

मावशीची_लेक | २८ ऑगस्ट, सकाळी ८:२०

हवेची. आई म्हणते पाण्याची उचलताना कंबर जाते. विकत घेऊ नका, गावात रुग्णसाहित्य केंद्र असेल तर अनामत ठेवून मिळते. पंपाचा घूं घूं आवाज येतो रात्रभर, दोन रात्रींत सवय होते.

जोशीकाका_८१ | २८ ऑगस्ट, सकाळी ९:००

तीन. मला तीन लागल्या.